ते त्या पिक्चरचं मत होतं

शमीम,

तू "बघ, मग बोलू" म्हणून माझ्यावर सोडलेला पिक्चर मी या शुक्रवारी पाहिला. जेवणं उरकल्यावर, भर दुपारी, पडदे ओढून. मला अजिबात आवडला नाही. इंटरव्हलनंतर त्या हिरोचे डोळे का जातात आणि गाणं संपेपर्यंत परत कसे येतात, हे कुणी सांगेल का? सांगायला कुणी नव्हतं. आमचे हे आतून आले, म्हणाले, "कसा होता?" मी म्हणलं, "ठीक." त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला गेले. तुझ्यापुढं "ठीक" म्हणायची सोय नव्हती. तू गाडीत सिग्नलला मान वळवून बघायचीस. "ठीक म्हणजे काय गो? ठीक तर आपल्या क्लिनिकमधला चहा पण असतो."

मग मी बसून तुला त्यात काय आवडलं असेल ते शोधत राहिले. हिरोची म्हातारी मावशी असेल का? का ती बोटीतली मारामारी? तू फक्त एवढंच म्हणाली होतीस की इंटरव्हलनंतर नीट बघ, तोवर माझ्याशी बोलू नको. गेल्या महिन्यात, बुधवारी म्हणालीस. गुरुवारी सकाळी तू स्वयंपाकघरात खाली बसलीस ती उठलीच नाहीस.

लोकांना आपलं हे पिक्चरप्रकरण कधी कळलं नाही. इथं आखातात, जाब्रियातल्या त्या क्लिनिकमध्ये तू पुढं अपॉइंटमेंटच्या काउंटरवर आणि मी मागं लॅबमध्ये. दिवसभर आपली गाठ पडत नव्हती. तू बाणकोटच्या खाडीकाठची, मी परभणीची. तुझ्या डब्यात सुकटीची चटणी, माझ्या डब्यात शेंगदाण्याची. सगळं बोलणं गाडीत. तुझ्याकडं लायसन होतं, माझ्याकडं नव्हतं, म्हणून तू महबूल्यातून निघून अबू हलिफ्याला माझ्या बिल्डिंगखाली यायचीस, हॉर्न न वाजवता नुसती थांबायचीस, आणि मी दार उघडून बसायच्या आत तोंड सुरू. "बघितलास?" मी नसेल बघितला तर तू रेडिओ लावायचीस. शिक्षाच ती.

एकत्र थिएटरात आपण मोजक्या वेळा गेलो. तिथं एक वेगळीच मजा होती. इथं पडद्यावरचे काही सीन कापलेले असतात. दोघं जवळ आले, की एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्या कापलेल्या जागेत काय असेल यावर आपली घरापर्यंतची वाट सरायची. तू म्हणायचीस, "खरी गोष्ट तेवढीच असते गो, ती काढून उरलेलं आपल्याला दाखवतात." आणि मग स्वतःच हसून स्टिअरिंगवर हात आपटायचीस.

आता मागं वळून बघते तर वाटतं, आपणही तसंच बोलत होतो. तू स्वतःबद्दल सरळ कधी काही सांगितलं नाहीस. एकदा तू म्हणालीस, कालच्या पिक्चरमधल्या त्या बाईनं नोकरी सोडली ते मला पटलं नाही. सगळे म्हणतात म्हणून काय सोडायची? मी तुझ्याकडं बघितलं. तू रस्त्याकडं बघत होतीस, पण सारखी ओढणी नीट करत होतीस. मला कळलं, घरी काहीतरी चाललंय. विचारलं नाही. मी म्हणलं, "तिनं सोडायला नको होती. लेकरू मोठं झाल्यावर घरी बसून ती काय करणार बाई?" तू म्हणालीस, "हां. माझं पण तेच म्हणणं." तू नोकरी सोडली नाहीस. त्या हिरॉइनचं नाव काय होतं ते आपल्याला दोघींनाही आठवत नव्हतं.

आणि माझंही तू ओळखलंस. मूल दत्तक घेणाऱ्या जोडप्याचा तो पिक्चर होता, आणि मी सकाळीच तावातावानं सुरू झाले, की शेवट खोटा आहे, मूल असं दोन गाण्यांत कुणाला आई म्हणत नसतं, ज्यांना नाही त्यांना उगाच आशा लावतात. तू कुठल्याही मताला फाटे फोडणारी बाई. त्या दिवशी फोडले नाहीस. बकाल्याच्या किराणा दुकानासमोर गाडी थांबवलीस, लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, दोन थंडगार बाटल्या आणल्यास, एक माझ्या हातात दिलीस आणि आपण उशीर होत असताना तिथं बसून त्या संपवल्या. नंतर तू म्हणालीस, "शेवट खोटाच होता." बस्स. माझ्या सख्ख्या बहिणीला जे जमलं नाही ते तुला जमलं. हे तुला सांगायचं राहिलं. म्हणजे सांगायचं म्हणलं असतं तर मला त्यासाठी आधी एखादा पिक्चर शोधावा लागला असता.

पण हे लिहायला बसले ते कौतुकासाठी नाही. मला त्या दोन पिक्चरांचं तुझ्याशी बोलायचंय.

पहिला तो उन्हाळ्यातला. गाडीचं हँडल धरवत नव्हतं असे दिवस. आखातात काम करणारा एक माणूस मरतो आणि त्याचे दोस्त त्याला गावी पाठवायला धडपडतात, अशी गोष्ट. पिक्चरभर ती पेटी. या ऑफिसातून त्या ऑफिसात, या विमानातून त्या विमानात, आणि गावी त्याची आई ओट्यावर बसलेली. मी रडून रडून बेजार झाले होते. गाडीत बसले तर तू चिडलेली.

"काय डोक्याला ताप! माणूस गेला, तर मातीत घाला ना त्याला. माती काय गावचीच लागते?"

"अगं, त्याच्या आईला तोंड बघायचं होतं."

"कसलं तोंड? बर्फातलं? त्यापेक्षा तिच्या डोळ्यांसमोर हसतं तोंड राहू दे. मला नाय बाबा असं कुणी पाठवायचं. आयुष्यभर मी बॅगेचं वजन करत गावी गेले, मेल्यावर स्वतःच बॅग होऊन जाऊ?"

मी हसले. तू पण हसलीस. तरी मी सोडलं नाही. म्हणलं, आईचा काही हक्क असतो की नाही? तू म्हणालीस, आईचा हक्क जित्या माणसावर. क्लिनिक आलं तरी आपलं चालूच. तू हजेरीचं कार्ड लावताना सुद्धा मागं वळून म्हणालीस, "बर्फातलं तोंड! छ्या!"

दुसरा पिक्चर थंडीतला. अगदी संथ. एक म्हातारी बरीच वर्षं बाहेर राहून खाडीकाठच्या आपल्या गावी येते आणि धक्क्यावर बसून राहते. होड्या येतात, होड्या जातात. मला पंधरा मिनिटांत झोप लागली, आणि मी गाडीत बसता बसता म्हणलं, "बाई, हा कसला पिक्चर? त्यापेक्षा आपल्या समुद्राकडं खुर्ची टाकून बसावं." बघते तर तुझे डोळे भरलेले. समोर ट्रक आणि तू एका हातानं डोळे पुसतेस.

"आमच्या कब्रस्तानात एक बकुळ हाय," तू म्हणालीस. "अब्बा तिच्याजवळ आहेत. त्यांच्या शेजारी जागा हाय अजून. पावसात तिथं सगळं हिरवं होतं गो, पाय ठेवायला जागा राहत नाय. माणसानं असं आपल्या ठिकाणी जाऊन पडावं. इथल्या वाळूत कोण कुणाला ओळखतं?"

मी म्हणलं, "अगं, उन्हाळ्यात तर तू उलटं बोलत होतीस! माती कुठलीही चालते म्हणत होतीस."

तू नाक ओढलंस आणि माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मीच अडाणी. "ते त्या पिक्चरचं मत होतं. हे ह्या पिक्चरचं."

मी मोठ्यानं हसले. क्लिनिकमध्ये दिवसभर अधूनमधून आठवून हसले. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

शमीम, तू दोन दिवस हॉस्पिटलात त्या यंत्रावर होतीस तेव्हा मी आले होते. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. मी लॅबमधली बाई, मला आकडे कळतात, मला त्यांनी न सांगितलेलंही कळलं. शनिवारी दुपारी त्यांनी तुझ्या नवऱ्याला, मुश्ताकभाईंना, आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तुझे कानातले होते, एका कागदी कपात. तो कप मला देऊन ते खाली बसले.

मग फोन सुरू झाले. गावाहून तुझा मोठा भाऊ. अम्मी दारात बसलीय, पाणी घेत नाही, बहिणीला पाठवा, आम्ही सगळी तयारी करतो. इकडं जमातीची माणसं म्हणत होती, उगाच थांबवू नये, जितक्या लवकर तितकं चांगलं. मुश्ताकभाईंच्या कंपनीचा मंदूब, सरकारी कागद करणारा तो माणूस, दोन्ही तऱ्हेचे कागद सांगून गेला. कुठलाही मार्ग धरा, मी करून देतो म्हणाला. मुश्ताकभाई सगळ्यांना "हो" म्हणत होते. आणि अलिना, तुझी सतरा वर्षांची पोरगी, भिंतीला टेकून उभी. तिच्या अंगात तुझं ते हिरवं स्वेटर.

थोड्या वेळानं मुश्ताकभाई माझ्याजवळ आले. "ज्योतीभाभी, तिचं सगळं बोलणं तुमच्याशी. माझ्याशी ती बाजारहाट आणि पोरीचा अभ्यास एवढंच बोलायची. कधी काही बोलली होती का ती? अशा वेळेचं?"

मी काय सांगायचं होतं, सांग. माझ्याजवळ तुझे दोन पिक्चर होते. एकात तू हसत होतीस, एकात रडत होतीस. मला वाटलं, नाही म्हणावं, काही बोलली नाही म्हणावं, त्यांच्या घरचा निर्णय त्यांनी घ्यावा. पण त्यांचा चेहरा बघून खोटं निघेना. मी दोन्ही सांगितलं. उन्हाळ्यातलं सांगितलं, थंडीतलं सांगितलं, बकुळ सांगितली. तू रडलीस हेही सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. त्या माणसाला मी आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "एक सांगा, भाभी. दोन घेऊन मी काय करू? मला एकच पाहिजे."

"मला एकच माहीत नाही हो."

"रडत होती म्हणता. ती साबणाच्या जाहिरातीत पण रडायची." आणि मग त्यांनाच हुंदका आला.

हे खरंच आहे ना गं? तू जाहिरातीत रडायचीस. दुसऱ्याच्या लग्नाच्या व्हिडिओत रडायचीस. तुझ्या रडण्याचं वजन मी कसं करायचं? आणि हसण्याचं तरी? तू फार घाबरलीस की हसायचीस, हे मला माहीत आहे. लायसनच्या परीक्षेला तू हसत हसत गेली होतीस आणि आल्यावर म्हणालीस, रात्रभर झोपले नव्हते.

शेवटी ठरवलं ते अलिनानं. ती भिंतीपासून पुढं आली आणि बापाला म्हणाली, "मॉम स्टेज हिअर." मुश्ताकभाई म्हणाले, "बेटा, नानी..." ती म्हणाली, "आय नो. बट आय ऍम हिअर. व्हेअर विल आय गो टू सी हर?" तिला तुझं गाव म्हणजे सुट्टीतलं, डासांचं, पाहुण्यांचं गाव. तिचा जन्म इथला. तिला दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडं नव्हतं. मुश्ताकभाईंनी तिला जवळ घेतलं आणि तुझ्या भावाला फोन लावला. पलीकडून ओरडणं आलं.

तुला आंघोळ घातली तेव्हा मी दाराबाहेर थांबले होते. मला वाटलं, आपण आत जाऊ नये. रत्नागिरीच्या हमीदाखाला, बायकांना आंघोळ घालायला त्याच पुढं असतात, हात पुसत बाहेर आल्या. "तू तिची मैत्रीण ना बाय? ये. तोंड बघून घे." कापराचा वास होता. तुझे केस त्यांनी वेण्या घालून नीट मागं घेतले होते. शमीम, तू म्हणालीस ते बरोबर होतं, ते तोंड हसतं नव्हतं. आणि तू म्हणालीस ते चूक होतं. ते बघितल्यावाचून मला कळलंच नसतं. तुझ्या आईलाही तेवढंच पाहिजे होतं. हा वाद मी त्या खोलीत तुझ्याशी घातला, मनातल्या मनात, आणि पहिल्यांदाच तुझ्याकडून उत्तर आलं नाही.

पुरुष तुला घेऊन गेले. आम्ही बायका मागं राहिलो, तुझ्या घरी. दारात चपला, सगळ्या बायकांच्या. कुणीतरी कुराण वाचत होतं. मी अलिनाच्या शेजारी बसले होते. मुश्ताकभाईंच्या भाच्यानं कब्रस्तानातून गावी व्हिडिओ लावला होता म्हणे, तुझ्या अम्मीला दिसावं म्हणून. वारा सुटला होता, धूळ उडत होती, मधेच रेंज गेली, आणि परत लागेपर्यंत माती लोटून झाली होती. हे मला नंतर कळलं. ऐकलं आणि मला त्या कापलेल्या सीनची आठवण झाली. मला माझीच शिसारी आली. पण तुला सांगितलं असतं तर तू समजली असतीस.

तुला तिथं ठेवून झाल्यावर मी काय विचार करते माहीत आहे? आपण इथली माणसं नाही. तू काउंटरवर रोज बघायचीस, लोकांचा इकामा, इथं राहायचा परवाना, संपतो, नोकरी जाते, महिन्याभरात माणूस सामान विकून निघून जातो. उद्या मुश्ताकभाईंचं काम सुटलं तर ते जातील. अलिना शिकायला कुठंतरी जाईल, जावंच लागेल, इथं जन्मली म्हणून तिला इथं राहता थोडंच येतं? आमचं तर पुढच्या वर्षाचंही नक्की नाही. सगळे जातील आणि तू राहशील. आपल्या सगळ्यांत फक्त तुझा इकामा आता कधी संपायचा नाही. "मॉम स्टेज हिअर" म्हणताना त्या पोरीला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी बोलले नाही, कारण तिला त्या क्षणी आई जवळ हवी होती आणि माझ्याकडं तिला देण्यासारखं फक्त तुझं एक मत होतं, तेही अर्धं.

क्लिनिकला मी आता बसनं जाते. वेळ लागतो. शेजारी रोज वेगळी बाई, सगळ्या फोनमध्ये. काउंटरवर नवीन मुलगी आलीय, केरळची, चांगली आहे. परवा चहाला मला म्हणाली, तुम्हाला पिक्चर आवडतात ना, सगळे सांगतात. मी म्हणलं, नाही गं, आता सवय राहिली नाही.

आणि काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. भारतातला. आधी कुणीतरी मुलगा बोलला, धरा म्हणाला, दादी बोलतेय.

"पिक्चरवाली ज्योती ती तूच काय गो?"

तू माझ्याबद्दल अम्मीला सांगितलं होतंस, आणि हे नाव ठेवून. ज्या अम्मीनं तुला लहानपणी शेजारच्या खिडकीतून टीव्ही बघितला म्हणून मारलं होतं, जिच्यापुढं तू अजून पिक्चरचं नाव काढत नव्हतीस म्हणालीस, तिला?

"हो अम्मी. मीच."

"मुश्ताकनं सांगितलं, तुझ्याशी बोलली होती ती. मला खरं सांग. माझी समजूत घालू नको, मला खूप जणांनी घातली. तिला इथं यायचं होतं?"

"हो. एकदा म्हणाली होती. अब्बांच्या शेजारी जागा आहे म्हणाली."

"हाय जागा. आणि एरवी काय म्हणाली?"

"नको म्हणाली होती. तुम्हाला बर्फातलं तोंड बघायला लागू नये, असं तिचं म्हणणं होतं."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी बादली ठेवली.

"म्हणजे माझा विचार करून नको म्हणाली?"

शमीम, हे तू म्हणाली नव्हतीस. तू बॅगेचं वजन म्हणालीस, डोक्याला ताप म्हणालीस. पण हसतं तोंड आईच्या डोळ्यांसमोर राहू दे, हेही म्हणालीस. मी म्हणलं, "हो अम्मी."

"हां." मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्याशी हे काही बोलली नाय ती. माझ्याशी पिक्चरचं बोलायची नाय. मी विचारलं असतं, तर बोलली असती काय गो?"

आजवर मी सगळ्यांना तुझे शब्द दिले, जसेच्या तसे, एक इकडं, एक तिकडं. मुश्ताकभाईंना दिले, अम्मीला दिले. पण या प्रश्नाचं उत्तर तू माझ्याजवळ ठेवून गेली नव्हतीस.

"बोलली असती," मी म्हणलं.

हे माझं मत आहे, शमीम. तुला पटत नसेल तर पटत नाही म्हण.